खाडीपलीकडचे शहर : नवी मुंबईच्या उभारणीचा जमाखर्च

महाराष्ट्रातील बहुतेक नगरांचा जन्म एखाद्या देवस्थानाभोवती, किल्ल्याच्या पायथ्याशी, नदीच्या उतारावर किंवा व्यापारी मार्गावरील पेठेतून झालेला आढळतो. प्रथम माणसे येतात, मग बाजार भरतो, पाठोपाठ रस्ते होतात आणि सर्वांत शेवटी नगरपालिका येऊन त्या विस्ताराला नकाशात बसविण्याचा प्रयत्न करते. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर उभ्या राहिलेल्या नवी मुंबईच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. येथे नकाशा आधी आला, त्यानंतर जमीन घेतली गेली, रस्ते व गटारे आखली गेली आणि माणसांनी राहावयास यावे म्हणून जवळजवळ दोन दशके वाट पाहावी लागली. २०११ च्या जनगणनेत एकट्या महापालिका हद्दीची लोकसंख्या अकरा लाखांवर गेली. रुंद रस्ते, सेक्टरनिहाय उद्याने आणि शाळा पाहून बाहेरगावचा पाहुणा कौतुक करतो, आणि ते कौतुक योग्यही आहे. परंतु कोणत्याही पेढीच्या खतावणीत जमेबरोबर नावे बाजूही असते. या शहराच्या उभारणीचा हिशेबही दोन्ही बाजूंनी वाचला, तरच तो पुरा होतो.

मुंबईची कोंडी

बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ साली सुमारे ३० लाख होती. १९६१ मध्ये ती साडेएकेचाळीस लाखांच्या घरात गेली आणि १९७१ पर्यंत ६० लाखांजवळ पोहोचली. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली, दक्षिणोत्तर चिंचोळी अशी ही भूमी. कचेऱ्या, गोदी आणि घाऊक बाजार दक्षिण टोकाला, तर वस्ती उत्तरेकडे सरकत चाललेली. सकाळी सर्व गाड्या दक्षिणेकडे भरून जात आणि सायंकाळी उत्तरेकडे भरून परतत.

या कोंडीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाले. १९५८ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडच्या भूभागाचा विकास करावा, अशी शिफारस केली. १९६५ साली नियुक्त झालेल्या प्रा. धनंजयराव गाडगीळ समितीने उद्योगांच्या नियोजित विकेंद्रीकरणावर भर दिला आणि मुंबईचा विचार केवळ शहर म्हणून न करता संपूर्ण प्रदेश म्हणून करावा, असे सुचविले.

त्याच वर्षी, १९६५ मध्ये, मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक धाडसी योजना मांडली. मुंबईची वाढ उत्तरेकडे लांबविण्याऐवजी पूर्वेकडे, खाडीच्या पलीकडे वळवावी, तेथे समान तोलाचे दुसरे शहर वसवावे आणि शासनाने आपली कार्यालये तेथे नेऊन पुढाकार घ्यावा, हा त्या योजनेचा गाभा होता. दोघे वास्तुरचनाकार व एक अभियंता यांनी स्वयंस्फूर्तीने मांडलेली कल्पना पाच वर्षांत शासनाचे धोरण व्हावी, हे आपल्या देशातील एक विरळ उदाहरण होय.

सिडको आणि जमिनीचे गणित

१७ मार्च १९७० रोजी 'शहर व औद्योगिक विकास महामंडळ', म्हणजेच सिडकोची स्थापना झाली आणि पुढील वर्षी नव्या शहराच्या विकासाचे काम या महामंडळाकडे सोपविण्यात आले. ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी प्रकल्पासाठी ठरविण्यात आली. कोरिया आणि पटेल हे दोघेही आरंभीच्या वर्षांत सिडकोत प्रमुख पदांवर होते. त्यामुळे ज्यांनी कल्पना मांडली, त्यांच्यावरच ती उतरविण्याची जबाबदारी आली.

शासनाने या महामंडळाला प्रारंभी दिलेले भांडवल चार कोटी रुपयांहूनही कमी होते. एवढ्या रकमेत शहर उभे राहत नाही. म्हणून सिडकोने जे गणित मांडले ते व्यापाऱ्याला चटकन उमगण्याजोगे आहे. शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यावयाची, तिच्यावर रस्ते, पाणी, वीज व मलनिस्सारण आणावयाचे, तयार झालेले भूखंड वाढीव भावाने विकावयाचे आणि त्या उत्पन्नातून पुढील भागाचा विकास करावयाचा. जमिनीचे वाढते मोल हेच या शहराचे खरे भांडवल ठरले. शासनाच्या तिजोरीवर मोठा भार न पडता शहर उभे राहिले, याचे श्रेय या गणिताला जाते. मात्र ही वाढ ज्याच्या जमिनीवर झाली, त्याच्या पदरात तिचा किती अंश पडला, हा प्रश्नही याच गणितातून निर्माण झाला.

शहराची रचना एका मध्यवर्ती चौकाभोवती न करता अनेक लहान केंद्रांची माळ अशी ठरविण्यात आली. या केंद्रांना 'नोड' हे नाव पडले. वाशी, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे आणि द्रोणागिरी असे चौदा नोड कालांतराने आकारास आले. प्रत्येक नोडचे सेक्टर आणि सेक्टरात पायी जाण्याच्या अंतरावर शाळा, बाजार व उद्यान असे सूत्र होते. अल्प उत्पन्न गटालाही घर मिळावे, हा आग्रह आरंभापासून होता. बेलापूर येथे कोरिया यांनी आखलेली घरे आर्टिस्ट व्हिलेज या नावाने ओळखली जातात. लहान अंगणाभोवती घरांचे पुंजके आणि कुटुंबाला ऐपतीप्रमाणे पुढे वाढविता येईल असे प्रत्येक घर, ही त्यांची रचना आजही देशविदेशांतील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा विषय आहे.

पूल झाला, माणसे आली नाहीत

१९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाला. परंतु पूल झाला म्हणून शहर वसले नाही. मंत्रालय खाडीपलीकडे येईल, ही मूळ योजनेची कळ होती. ती फिरलीच नाही. उलट दक्षिण मुंबईत समुद्र हटवून नरिमन पॉइंट परिसरात उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि १९८१ मध्ये विधान भवनाची नवी वास्तूही तेथेच झाली. बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन व काही विभागीय कार्यालये आली. घर पलीकडे आणि नोकरी अलीकडे अशी स्थिती असताना बसने पूल ओलांडून रोज मुंबई गाठणारी कुटुंबे थोडीच होती. सिडकोची घरे तयार असत, पण संध्याकाळी सेक्टरांत दिवे कमी आणि अंधार अधिक दिसे.

या काळात शहराला पहिला आधार दिला तो ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीने. सिडकोच्या आधीच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे कारखान्यांसाठी जागा आखल्या होत्या. दुसरा आधार बाजारपेठेने दिला.

बाजार हलला

मुंबईचा धान्य, मसाले, कांदा-बटाटा, फळे व भाजी यांचा घाऊक व्यापार पिढ्यान्पिढ्या मशीद बंदर, दाणाबंदर, भायखळा व क्रॉफर्ड मार्केट या दाट वस्तीत चाले. चिंचोळ्या गल्ल्यांत ट्रक तासन्तास अडकून पडत. १९७७ मध्ये मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती अस्तित्वात आली आणि हे बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे हलविण्याचे ठरले. कांदा-बटाटा बाजार सर्वांत आधी आला. मसाला व धान्य बाजार १९९० च्या आसपास, तर फळे व भाजीपाला बाजार १९९६ मध्ये आले.

हे स्थलांतर सुखासुखी झाले नाही. मशीद बंदरच्या पेढीवर वडील-आजोबांपासून बसलेल्या व्यापाऱ्याला जागेचा मोह होता, असे म्हणणे अपुरे ठरेल. घाऊक व्यापार हा शेजारावर चालतो. समोरच्या वखारीतून माल, बाजूच्या पेढीतून उधारी, कोपऱ्यावरचा दलाल आणि ओळखीचा हमाल ही साखळी तुटली, तर एकट्या गाळ्याला अर्थ उरत नाही. म्हणून 'सर्व गेले तर जाऊ' असे प्रत्येक जण म्हणत राहिला आणि वर्षे लोटली. अखेर शासनाने निर्धार केल्यावर बाजार हलला. या पेढ्यांत कच्छी, गुजराती व मारवाडी कुटुंबांचा आणि त्यांत जैन बांधवांचा वाटा मोठा होता. दुकान वाशीत आले की दोन-चार वर्षांत घरही त्याच्या मागोमाग येते. शाळा, दवाखाना, पाठशाळा आणि देरासरही मग जवळ हवे असतात. नव्या शहरातील सामाजिक संस्थांची पाळेमुळे पुष्कळ अंशी या स्थलांतरात आहेत.

कापडाचा घाऊक व्यापार मात्र खाडी ओलांडून आला नाही. काळबादेवीचे मूळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केट जागच्या जागी राहिले. याचे कारण कायद्यात आहे. शेतमालाचा बाजार कोणत्या आवारात भरावा, हे १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली शासनाला ठरविता येत होते. कापडाला तसे बंधन नव्हते. शिवाय थोड्या जागेत मोठ्या किमतीचा माल मावतो आणि गिऱ्हाईक दहा दुकाने फिरून पोत व भाव पारखूनच सौदा करते. व्यापार केवळ सोयीच्या रस्त्यांनी हलत नाही, हे या दोन बाजारांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

बाजाराबरोबर माथाडी कामगार आले. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांच्या डोंगरी भागांतून मुंबईत आलेल्या या कष्टकऱ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले होते आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले होते. कोपरखैरणे व घणसोली भागांत त्यांच्यासाठी घरकुले झाली. पोत्याच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचे छप्पर मिळाले, ही या शहराच्या जमेची मोठी बाजू होय.

आगगाडीची शिटी

वस्तीचा खरा ओघ सुरू झाला तो रेल्वेमुळे. ९ मे १९९२ रोजी मानखुर्द ते वाशी लोकल धावली. १९९३ मध्ये ती बेलापूरपर्यंत आणि १९९८ मध्ये पनवेलपर्यंत गेली. या मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सिडकोने व उरलेला रेल्वेने उचलला. शहर वसविणाऱ्या महामंडळाने लोहमार्गाला पैसा पुरविण्याची ही पद्धत त्या काळी नवीन होती. स्थानकांच्या इमारतींतील गाळे व कार्यालये यांच्या उत्पन्नाचाही विचार त्यात केलेला होता.

१ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि १९९५ मध्ये पहिली निवडणूक झाली. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण महापालिकेने आपल्या मालकीचे करून घेतले. स्वतःचे धरण असलेल्या महापालिका देशात थोड्याच आहेत. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. दक्षिणेकडील खारघर, कामोठे, कळंबोली आदी भाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत गेला. १८५२ साली नगरपालिका लाभलेले जुने पनवेल अशा प्रकारे नव्या शहराशी एकरूप झाले.

भरतीखालची जमीन

या शहराचा एक मोठा भाग भरतीच्या पाणीपातळीच्या खाली येणाऱ्या खारभूमीवर आहे, हे बहुतेक रहिवाशांच्या ध्यानी नसते. पावसाळ्यात समुद्राला भरती असताना गटाराचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. म्हणून सिडकोने खाडीकाठी विस्तीर्ण धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात आणि शहरातील पावसाचे पाणी तलावात साठते; ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. शेकडो वर्षे बांध घालून खाऱ्या जमिनीत भात पिकविणाऱ्या येथील शेतकऱ्यालाही हेच तंत्र अवगत होते. बांधाला उघाडी ठेवून ओहोटीला पाणी सोडणे ही त्याची रीत होती.

आज या तलावांत गाळ साचला आहे आणि खारफुटी वाढली आहे. खारफुटीला २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण असल्याने गाळ काढण्याचे काम नाजूक होऊन बसले आहे. खारफुटी हीच भरतीला थोपविणारी भिंत आहे आणि तिच्याच आश्रयाने ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिला अडगळ समजणे परवडणारे नाही. तलाव आणि खारफुटी दोन्ही राखण्याची वाट काढावीच लागेल.

नावे बाजू : भूमिपुत्रांचे देणे

नकाशातील ३४४ चौरस किलोमीटर भूमी रिकामी नव्हती. आगरी, कोळी व कराडी समाजाची गावे तेथे पिढ्यान्पिढ्या नांदत होती. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी या तिहेरी आधारावर त्यांचा संसार चाले. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची परंपराही या भूमीत होती. उरण तालुक्यातील चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह सर्वश्रुत आहे.

ही जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आली. त्या कायद्याप्रमाणे मोबदला ठरे तो अधिसूचनेच्या दिवशीच्या भावाने. १९७० ची अधिसूचना, वर्षानुवर्षे लांबलेले निवाडे आणि दरम्यान शेजारच्याच विकसित भूखंडांचे वाढलेले भाव, ही तफावत शेतकऱ्याला डोळ्यांसमोर दिसत होती. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी हा प्रश्न हाती घेतला. जासई हे त्यांचे गाव. विधानसभा व लोकसभा या दोन्ही सभागृहांत त्यांनी प्रकल्पग्रस्तांची बाजू मांडली. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जमलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण हुतात्मा झाले.

या लढ्याचे फलित म्हणजे 'साडेबारा टक्के' योजना. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण १९९० च्या दशकात अंमलात आले. जमीन घेतल्यावर विकासाच्या लाभात मालकाला भागीदार करणारी ही योजना पुढे राज्यात आदर्श मानली गेली. तिचा हिशेब मात्र बारकाईने पाहावयास हवा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून रस्ते, शाळा आदी सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के कपात होते, म्हणजे हाती साडेतीन गुंठे उरतात. ज्याने धीर धरला त्याचे त्यातही कल्याण झाले. परंतु कर्ज, लग्नकार्य, आजारपण यांमुळे अनेकांनी आपला हक्क ताबा मिळण्यापूर्वीच बांधकाम व्यावसायिकाला विकून टाकला. आणि ज्यांच्या नावे सातबाराच नव्हता, त्या मच्छीमारांच्या, मिठागरातील मजुरांच्या व कुळांच्या वाट्याला फारच थोडे आले. वाढत्या कुटुंबांसाठी गावठाणालगत बांधलेली घरे दशकानुदशके 'अनधिकृत' या शिक्क्याखाली राहिली, ही व्यथा वेगळीच.

याच भूमीवर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्यासाठी आणखी दहा गावे आपल्या जागेवरून उठली. या वेळी विकसित भूखंडाचे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले, हे १९८४ च्या त्यागाचेच दूरचे फळ होय. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, यासाठी २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले आणि २०२२ मध्ये राज्य शासनाने त्या मागणीला मान्यता दिली.

ताळेबंद

मूळ योजनेशी ताडून पाहिले तर काही उद्दिष्टे साधली नाहीत. शासनाचे मुख्य केंद्र मुंबईतच राहिले आणि मुंबईची गर्दीही ओसरली नाही. पारसिकच्या डोंगराला खाणींनी ओरबाडले. दुसऱ्या बाजूला बाजार, लोकल, धरण, शिक्षणसंस्था, २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू ही जमेची ठळक कलमे आहेत. लक्षावधी मध्यमवर्गीय व कष्टकरी कुटुंबांना मोकळ्या हवेचे घर येथे लाभले.

या ताळेबंदात सामाजिक व धार्मिक न्यासांचेही एक कलम आहे, आणि ते त्यांनी स्वतःहून पाहण्याजोगे आहे. शाळा, रुग्णालय, सभागृह व प्रार्थनास्थळ यांसाठी सिडकोने अनेक संस्थांना सवलतीच्या दराने भूखंड दिले. ती सवलत कागदावर महामंडळाची असली, तरी तिचा मूळ भार एकेकाळी शेतीच्या भावाने जमीन देणाऱ्याने उचललेला आहे. व्यवहारात ज्याचे घेतले त्याची नोंद ठेवणे ही सचोटीची पहिली पायरी मानली जाते. न्यासाच्या शाळेत जवळच्या गावठाणातील मुलांसाठी काही जागा राखणे, दवाखान्यात त्यांना स्वकीयांप्रमाणे वागविणे, वास्तूच्या दर्शनी फलकावर देणगीदारांच्या नावांबरोबर ज्या गावाच्या शिवारात ती वास्तू उभी आहे त्या गावाचे नाव कोरणे आणि भात व मीठ पिकविलेल्या वृद्धांच्या आठवणी वेळीच लिहून घेणे, ही कामे फार खर्चाची नाहीत.

सेक्टरांना क्रमांक आहेत, गावांना नावे आहेत. पुढची पिढी आपला पत्ता सांगताना सेक्टरचा क्रमांक सांगेल. त्या क्रमांकाखाली कोणते गाव आहे, हेही तिला ठाऊक असले, तर या शहराची नावे बाजू थोडी तरी फिटली असे म्हणता येईल.